मैलामागे किती पौंड?

इंग्लंडात ‘पेनाइन वे’ नावाची एक पायवाट आहे. डर्बीशायरमधल्या ईडेल गावातून ती निघते आणि २६८ मैल, म्हणजे जवळपास ४३१ किलोमीटर उत्तरेकडे जाऊन स्कॉटलंडच्या हद्दीतल्या कर्क येटहोम गावात संपते. धडधाकट माणसाला अडीच-तीन आठवडे पुरतात. ही किंवा अशीच दुसरी लांबची वाट धरून तरुण मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला पैसे जमवायचे, हा ब्रिटनमध्ये आता जवळजवळ लोकाचार झाला आहे. पूर्वी निघणाऱ्याच्या हातात एक छापील तक्ता असे. नाव, पत्ता, मैलामागे किती पेन्स, एकूण किती, सही. शेजारी, ऑफिसातले सहकारी, चर्चमधली मंडळी त्यात आकडे घालत, आणि चालून आलेला माणूस सुजलेल्या पायांनी पुन्हा दारोदार फिरून वसुली करी. आता बहुतेक काम ‘जस्टगिव्हिंग’सारख्या संकेतस्थळावर होतं. चालणाऱ्याचा फोटो, चार ओळींत कारण, ठरवलेली रक्कम आणि हळूहळू भरत जाणारी रंगीत पट्टी. देणगीदाराने आपण करदाता असल्याच्या चौकोनात खूण केली की ‘गिफ्ट एड’ योजनेखाली सरकार दर पौंडामागे आणखी २५ पेन्स संस्थेला देतं. या बदलात एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. तक्त्यावरचे पैसे चालून झाल्यावर मिळत, पट्टीवरचे बरेचसे पैसे पहिलं पाऊल पडण्याआधीच जमा झालेले असतात. माणूस तिसऱ्या दिवशी गुडघा धरून घरी परतला तरी ते कोणी परत मागत नाही. मैलामागे मजुरी हा हिशेब कागदावर होता तेव्हाही किती खरा होता कोण जाणे. आता तर तो कागदावरही उरलेला नाही. मग देणारा पैसे देतो ते नेमके कशाचे?

सर्वांत सोपं उत्तर म्हणजे कष्टाचे. अमुक माणूस आपल्यासारखाच खुर्चीत बसून काम करणारा, तो पावसापाण्यात एवढं चालणार, म्हणून दहा पौंड. पण कष्ट आणि रक्कम यांचं प्रमाण जुळतं का ते तपासायला २०२० सालचं एक उदाहरण फार उपयोगी आहे. कॅप्टन टॉम मूर या नव्व्याण्णव वर्षांच्या माजी सैनिकाने आपल्या बागेत वॉकर धरून २५ मीटरच्या १०० फेऱ्या मारल्या. अंतर झालं अडीच किलोमीटर. ठरवलं होतं हजार पौंड जमवायचं, आणि ब्रिटनच्या आरोग्यसेवेसाठी जमले ३ कोटी २० लाखांहून जास्त. वय, लष्करी पदकं, टाळेबंदीत घरी अडकलेला देश, हे सगळं त्यात होतं, हे मान्य. तरी ते वजा करूनही मैलाचा भाव या हिशेबात कुठेच बसत नाही. माझ्या मते त्या फेऱ्यांबद्दलची महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या एका सकाळी उरकल्या नव्हत्या. रोज थोड्या थोड्या करत त्या काही दिवस चालल्या. रोज सांगण्यासारखं काहीतरी होतं, उद्यासाठी काहीतरी बाकी होतं, आणि दरम्यान ऐकणारे वाढत गेले. देणगीचा संबंध अंतराशी कमी आणि किती काळ ही गोष्ट लोकांसमोर उघडी राहिली याच्याशी जास्त आहे, असं मला वाटतं, आणि लांबच्या पायवाटेचं खरं भांडवलही हेच आहे.

यावर मानसशास्त्राच्या अभ्यासकांचा आक्षेप येईल आणि तो हलका नाही. क्रिस्तोफर ऑलिव्होला आणि एल्दार शफीर यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असं दिसलं, की दानासाठी त्रास सोसावा लागणार असेल तर लोक जास्त द्यायला तयार होतात. सहलीच्या जेवणापेक्षा पाच मैलांच्या धावेला जास्त. याला त्यांनी हुतात्मेपणाचा परिणाम म्हटलं. पण हे प्रयोग नीट पाहिले तर त्यांत मुख्यतः विचारलं आहे ते त्रास सोसणाऱ्यालाच: तू स्वतः किती देशील? घरी बसून दुसऱ्याच्या त्रासावर पैसे लावणाऱ्याबद्दल त्यातून फारसं ठरत नाही. शिवाय काम भुकेल्या मुलांसाठी असेल तर हा परिणाम ठळक दिसतो, सार्वजनिक बागेसाठी असेल तर ओसरतो. म्हणजे कष्टाला स्वतःची किंमत नाही, कारणाशी त्याचा सूर जुळावा लागतो. घरी बसणारा देणगीदार कशाकडे बघतो याचं उत्तर दुसऱ्या एका अभ्यासात आहे. सारा स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या लंडन मॅरेथॉनसाठी पैसे जमवणाऱ्यांची पानं तपासली. आधीच्या देणग्यांची सरासरी दहा पौंडांनी वर गेली की पुढचा देणारा सुमारे अडीच पौंड जास्त देतो, असं त्यांना आढळलं. माणसं तळपायाच्या फोडांकडे बघत नाहीत, एकमेकांकडे बघतात. आपल्याकडे गणपतीच्या वर्गणीचं पावतीपुस्तक पुढे करताना सगळ्यांत मोठा आकडा पहिल्या पानावर का असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटणार नाही.

कष्ट किंवा धाडस हेच चलनी नाणं मानलं तर काय होतं, याचा एक हिशेब स्कॉटलंडमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये मांडून ठेवला आहे. टेसाइड भागातल्या दोन केंद्रांतून धर्मादाय कारणासाठी पॅराशूटने उड्या मारणाऱ्यांच्या पाच वर्षांतल्या दुखापती त्यांनी मोजल्या. बहुतेक जखमी पहिल्यांदाच उडी मारणारे होते, दर शंभरांत अकरा जणांना इजा होत होती. एका माणसामागे संस्थेला मिळत होते सरासरी ३० पौंड, आणि जमलेल्या प्रत्येक पौंडामागे सरकारी रुग्णालयांचा खर्च होत होता १३ पौंड ७५ पेन्स. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. उडी काही मिनिटांत संपते. तिच्याबद्दल आधी सांगता येतं आणि नंतर सांगता येतं, पण ती चालू असताना तिच्यात कोणी सामील होऊ शकत नाही. पायवाटेचं तसं नाही. तिथे ‘चालू असताना’ हाच सगळ्यांत मोठा भाग आहे.

हा भाग कसा काम करतो ते जवळून पाहण्यासारखं आहे. पेनाइन वेच्या डोंगरमाथ्यावर पीट नावाची काळी, भिजलेल्या स्पंजसारखी जमीन असते. वर्षानुवर्षांच्या बुटांनी तिचा चिखल केला, वाट पसरत पसरत रुंद झाली, तेव्हा लँकाशायरमधल्या पाडलेल्या कापडगिरण्यांच्या दगडी फरशा हेलिकॉप्टरने आणून तिथे अंथरल्या गेल्या. या फरशांवरून सहसा एका वेळी एकच माणूस चालतो. बोलायचं तर पुढच्याच्या पाठीशी बोलावं लागतं. मग शेतांची दगडी कुंपणं लागतात. त्यांत गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून अशी फाटकं असतात की एका वेळी एकच माणूस आत शिरून, झडप मागे लोटून पलीकडे निघतो. त्यालाही पाठीवरची सॅक अडकते. नाहीतर दगडात बसवलेल्या पायऱ्यांवरून कुंपण ओलांडायचं. अशा प्रत्येक ठिकाणी घोळका थांबतो. पुढे गेलेला मागच्यासाठी फाटक धरून उभा राहतो, कोणी बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधतो, कोणी टाचेवरची चिकटपट्टी बदलतो. ताशी चार किलोमीटरच्या या चालीत थांबण्याची अशी असंख्य ठिकाणं आहेत. डोळ्याला डोळा न भिडवता बोलता येतं, बोलणं तोडायचं असेल तर फाटक येतंच, आणि गप्प राहिलं तरी कोणी अवघडत नाही. धावपटूला दम लागलेला असतो, सायकलवाला निघून जातो. अनोळखी माणसाला तुमच्याबरोबर एक मैल येऊन काहीतरी सांगायचं असेल, तर चालण्याइतका सोयीचा वेग दुसरा नाही.

या सोयीचा पुरेपूर उपयोग झालेला मला माहीत आहे तो २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये. अँडी एअरी, माइक पामर आणि टिम ओवेन हे तीन बाप. तिघांच्याही तरुण मुलींनी आत्महत्या केली होती, आणि त्या दुःखाआधी तिघांची एकमेकांशी ओळखही नव्हती. कंब्रियातल्या अँडींच्या घरापासून मँचेस्टरजवळच्या माइक यांच्या घरावरून नॉरफोकमधल्या टिम यांच्या घरापर्यंत ते सुमारे ३०० मैल चालले, पंधरा दिवस. पैसे होते ‘पॅपिरस’ या संस्थेसाठी. लँकाशायरमधल्या जीन कर या आईने, मुलगा गमावल्यावर, इतर पालकांना बरोबर घेऊन १९९७ मध्ये ही संस्था उभी केली. पस्तिशीच्या आतल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या काळजीत असलेल्यांसाठी ती हेल्पलाइन चालवते. त्या पंधरा दिवसांच्या निमित्ताने पाच लाखांहून अधिक पौंड जमले. जेम्स बाँडची भूमिका केलेल्या डॅनियल क्रेगने तिघांना प्रत्येकी दहा हजार दिले, त्याची बातमी झाली, बातमीमुळे आणखी जमले. पण हा आकडा मला या कहाणीतला दुय्यम भाग वाटतो. वाटेवर माणसं त्यांना गाठत राहिली. कोणाचं मूल गेलेलं, कोणाचं घरात खोलीचं दार लावून बसलेलं. ती चार पावलं बरोबर आली, बोलली, मिठी मारून परतली. ज्या संस्थेचं कामच ‘बोला’ हे आहे, तिच्यासाठी लोकांना बोलायला जागा करून देणं म्हणजे प्रत्यक्ष कामच. पैसे जमवण्याची पद्धत आणि पैसे ज्यासाठी जमवायचे ते काम, या दोन गोष्टी इथे एकाच वाटेवर आल्या. हे तिघे मोठे गिर्यारोहक असते आणि एव्हरेस्टवर गेले असते, तर रक्कम कदाचित वाढली असती. मिठी मारायला मात्र कोणी आलं नसतं.

इथे पेनाइन वेचा इतिहासही कामाला येतो, तो थोडक्यात. २४ एप्रिल १९३२ रोजी काहीशे तरुण कामगार जमीनमालकांची मनाई मोडून किंडर स्काउट नावाच्या पठारावर चढले. त्यांचा पुढारी बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. पाच जण तुरुंगात गेले. १९३५ मध्ये टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने अशा लांब पायवाटेची मागणी ‘डेली हेरल्ड’मध्ये मांडली, तीही दोन अमेरिकन मुलींनी इंग्लंडात पायी कुठे हिंडता येईल असं विचारल्याच्या निमित्ताने. त्यानंतर अशा वाटांसाठीचा कायदा व्हायला १९४९ उजाडलं आणि पेनाइन वेचं उद्घाटन झालं २४ एप्रिल १९६५ ला. तीस वर्षं भांडून मिळालेला हा हक्क आज धर्मादाय चालणाऱ्याला फुकट वापरता येतो. मॅरेथॉनला नोंदणी लागते, छातीवर क्रमांक लागतो, रस्त्याच्या कडेला दोरी असते. सार्वजनिक पायवाटेवर कोणालाही, कुठेही, न विचारता सामील होता येतं. संस्थांच्या कार्यक्रम-विभागांना ही शिस्तहीनता खुपते, हे मी समजू शकतो. पण दोरी लावली की उरतो तो फक्त तमाशा आणि प्रेक्षक.

आता नेहमीचा आक्षेप. एवढंच होतं तर तीन आठवडे जादा काम करून ते पैसे सरळ संस्थेला द्यायचे होते! हिशेबाने हे बरोबर वाटतं, पण यात एक चूक आहे. चालणाऱ्याच्या तीन आठवड्यांच्या पगाराइतके पैसे तो एकटा देऊ शकतो, आणि त्यानंतर कथा संपते. ज्या दीडशे-दोनशे ओळखीच्यांनी पाच-दहा पौंड टाकले, त्यांच्याकडे एरवी कोणी मागितलेच नसते, किंवा मागायला निमित्त नसतं. निमित्ताला कमी लेखू नये. आपल्या सार्वजनिक जीवनातल्या निम्म्याअधिक देणग्या निमित्तावरच उभ्या आहेत. आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मात्र मला पूर्ण पटतो. देणग्यांतून विमानाचं तिकीट, हॉटेल आणि वाटाड्या यांचा खर्च भागवून परदेशी डोंगरावर नेणाऱ्या सहली आहेत. एवढी किमान रक्कम जमवा, त्यातून तुमचा खर्च वळता होईल, असा तो करार असतो. देणाऱ्याला वाटतं आपण मुलांसाठी दिले. त्यातला मोठा तुकडा दुसऱ्याच्या सुट्टीला गेलेला असतो. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याची आपण थट्टा करतो, पण इथे तोच माणूस विश्वासाचा. मुक्काम, बस, बूट, टपरीवरचा चहा, सगळी पदरमोड, आणि ती पानावर स्पष्ट लिहिलेली; एवढी एक कसोटी लावली तरी बरंच निवडून निघतं.

वाटेवर पडणाऱ्या भाराचा आक्षेप याहून गुंतागुंतीचा आहे. बेन नेव्हिस, स्कॅफेल पाइक आणि स्नोडन ही तीन शिखरं चोवीस तासांत करायची मोहीम धर्मादाय संस्थांची लाडकी. मधलं शिखर करायची वेळ बहुधा रात्री येते. वॉस्डेल हेडसारख्या चिमुकल्या वस्तीत मध्यरात्री मिनीबस येऊन दारं आपटतात, आडोशाला घाण होते, आणि चढताना वाट चुकलेल्यांना शोधायला बचावपथक निघतं. ही पथकं बिनपगारी स्वयंसेवकांची आणि स्वतः देणग्यांवरच चालणारी! एका संस्थेचे पैसे जमवताना दुसरीचे खर्च करायचे, असा हा प्रकार. लांबची वाट तीच पावलं शेकडो किलोमीटरवर आणि कित्येक आठवड्यांवर पांगवते, चालणारा वाटेतल्या गावांत जेवतो, झोपतो, पैसे सोडून जातो. म्हणून ती निर्दोष ठरत नाही. गिरणीच्या फरशा काही हौसेने घातलेल्या नाहीत. पण घड्याळ काढून टाकलं की उपद्रव बराच कमी होतो, हे खरं. घड्याळ आलं की चालणाऱ्याला बोलायलाही वेळ उरत नाही, म्हणजे माझ्या मुख्य मुद्द्याच्या दृष्टीनेही ते तोट्याचंच.

सगळ्यांत अवघड आक्षेप पैशाच्या स्वभावाबद्दल आहे. मोहिमेचे पैसे एकदम येतात आणि थांबतात. हेल्पलाइनला लागतो तो दर महिन्याचा पगार: रात्री दोन वाजता फोन उचलणारा प्रशिक्षित माणूस, त्याच्यावर लक्ष ठेवणारा दुसरा, रजेवर गेला तर तिसरा. पायी मागितलेल्या दानाची ही मर्यादा मराठी वाचकाला नवी नसावी. कोकणातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी १८ एप्रिल १९५१ ला पोचमपल्लीत पहिली जमीन स्वीकारली आणि मग वर्षानुवर्षं चालत सुमारे चाळीस लाख एकरांची दानं मिळवली. सभेत जाहीर झालेल्या त्या जमिनीतली बरीच खडकाळ निघाली, बरीच वादातली, आणि मोठा हिस्सा भूमिहीनांच्या नावावर चढलाच नाही. विनोबा पुढच्या गावी गेले होते. मागे तलाठ्याचं काम करायला पुरेशी माणसं नव्हती. चालण्यात मागण्याची ताकद असते, वाटपाची नसते. ब्रिटनमधल्या तिघा बापांनी याचं भान ठेवलं, असं मला दिसतं. २०२२ मध्ये ते पुन्हा निघाले, बेलफास्ट, एडिनबरा, कार्डिफ आणि लंडन इथल्या चारही प्रतिनिधीगृहांना जोडत, सुमारे ६०० मैल. या वेळी पैशाइतकीच एक मागणी पुढे होती: आत्महत्या कशी रोखावी हे शाळेत शिकवा. अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या, मार्च २०२३ मध्ये संसदेत चर्चा झाली, आणि २०२५ मध्ये इंग्लंडच्या शाळांसाठीच्या सुधारित सूचनांत या विषयाला जागा मिळाली. ओसरणाऱ्या देणगीला न ओसरणाऱ्या गोष्टीशी बांधायचं, ते असं.

तरीही एक प्रश्न उरतो आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. तीन आठवड्यांची रजा, तीनशे पौंडांचे बूट-जाकीट आणि पैसे देऊ शकणाऱ्या ओळखी या तिन्ही गोष्टी ज्याच्याकडे आहेत, तोच असा चालू शकतो. ज्या मुलांसाठी हे चाललंय, त्यांच्यातल्या अनेकांकडे यांतली एकही नसते. चांगल्या वस्तीतल्या मुलाच्या पानावर पहिली देणगी शंभराची पडते, आणि लंडन मॅरेथॉनच्या त्या अभ्यासाप्रमाणे पुढच्याही वर ओढल्या जातात. गरीब वस्तीतल्याच्या पानावर पाचाची पडते आणि बाकीच्या तिच्या मागून खाली राहतात. थोडासा उपाय वाटेच्याच स्वभावात आहे. सबंध वाट एकाने चालण्याऐवजी रोजचा टप्पा उघडा ठेवावा, बसने येऊन एक दुपार चालता येईल असा; संस्थेने त्या पोरांसाठी बूट भाड्याने आणावेत, आणि सगळ्यांची मिळून एकच पट्टी ठेवावी, म्हणजे कोणाच्या नावापुढे किती ते दिसणार नाही. आणि अशा दुपारी एखादा सतरा वर्षांचा मुलगा फाटकापाशी थांबून मनातलं सांगू लागला, तर ऐकणाऱ्याने समुपदेशक व्हायची गरज नाही. मध्ये तोडू नये, सल्ला देऊ नये, आत्महत्येचे विचार येतात का हे सरळ शब्दांत विचारायला घाबरू नये, धोका वाटला तर त्याला एकटं सोडू नये, आणि हेल्पलाइनच्या क्रमांकाचं कार्ड खिशात असावं. हे शिकवायला निघण्याआधीची एक संध्याकाळ पुरते. बूट निवडण्यावर संस्था छापतात त्या माहितीपुस्तिकेत यासाठी दोन पानं सहज निघतील.